साक्षगंधाचं पान

समीक्षा बोढे दिवसभर वणीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची, आणि लोक फुरसतीनं तिचं नाव तपासायचे. रक्त तरी औषधानं सुधारतं. नाव काही केल्या सुधरेना. कोणीही मोबाइलवर 'समीक्षा बोढे, वणी' टाकलं की पहिली ओळ यायची: 'सोयरीक जमली! समीक्षा बोढे व अक्षय देरकर यांचे साक्षगंध थाटात संपन्न.'

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, थाटात झालं होतं, यात खोटं काही नव्हतं. जेवणं झाल्यावर हात धुता धुता अक्षयच्या वडिलांनी सांगितलं, की लग्नानंतर लॅब बंद. समीक्षानं दोन महिने विचार केला आणि अंगठी परत पाठवली. ही दुसरी गोष्ट अख्ख्या वणीला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त सर्च इंजिनला, आणि बाहेरगावचे पाहुणे वणीला न विचारता त्यालाच विचारत.

पुसदचे आले. पोहे खाल्ले, पोरगी आवडली म्हणाले, आणि निघताना त्यांच्या जावयानं मोबाइल सासऱ्यापुढे धरला. राळेगावच्यांनी तर घरूनच पाहिलं आणि पोह्याचा खर्च वाचवला. दोघांनीही 'कळवतो' म्हटलं. आपल्याकडे 'कळवतो' या शब्दाखाली जेवढी लग्नं गाडली आहेत, तेवढी कशाखालीच नाहीत.

समीक्षाला लग्नाची घाई होती अशातला भाग नाही. हो म्हणायचं तर आपण म्हणावं आणि नाही म्हणायचं तर तेही आपणच म्हणावं, एवढीच तिची अट होती. इथे तिच्या वतीनं इंटरनेटवरचं एक पान बोलत होतं.

ते पान लिहिलं होतं तिच्या सख्ख्या मामानं. पंजाबराव गोहोकार, राहणार कळंब, एसटीतून निवृत्त कंडक्टर. नोकरीभर त्यांनी तिकिटं फाडता फाडता कोणाच्या घरी कोण उपवर आहे याची चौकशी केली होती. निवृत्तीनंतर ती सगळी जमा त्यांनी 'सोयरीकमेळ' नावाच्या वेबसाइटवर ओतली. सोयरीक जमली की ते कॉम्प्युटरच्या वरच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावत, हात जोडत, आणि मग पान लिहायला बसत. लिहिणंही अस्सल. कोण कोण आलं, कोण रुसून बसलं, बुंदी कोणाच्या पंगतीला कमी पडली, सगळं. खाली दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या पानांकडे बोटं दाखवलेली, म्हणजे लिंक दिलेल्या, आणि त्या पानांवरून परत इकडे.

हाच घात झाला. समीक्षाची कॉलेजमधली मैत्रीण निकिता यवतमाळात वेबसाइटी बनवायची. तिनं फोनवर समजावलं, की सर्च इंजिनचा एक हिंडफिऱ्या प्रोग्राम असतो. तो एका पानावरून दुसऱ्यावर जात सगळं वाचतो. वाचलेलं अनुक्रमणिकेत जातं, आणि मग ठरतं कोणाला वर बसवायचं. लॅबच्या साइटवरही समीक्षाचं नाव होतं, पण तिथला मजकूर दहा लॅबच्या साइटवर असतो तसाच उचललेला. त्याला कोण विचारतो? मामांचं पान मात्र दुसरीकडे कुठेच नसलेलं, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी डझनभर पानं. त्यामुळे तेच गादीवर.

समीक्षा रविवारी कळंबला गेली आणि ते पान पुसा म्हणाली. मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं कळंबच्या चिंतामणी गणपतीचा शेंदूर खरवडायला सांगितला होता.

"समू, हळदीकुंकू लावून लिहिलेलं नाव पुसत नसते, बाई."

"मामाजी, सोयरीकच मोडली तर नाव कायले ठेवता?"

"सोयरीक मोडली. साक्षगंध थोडंच मोडलं? ते तर झालतं. पावणे जेवून गेलते."

हिशेब कंडक्टरचा होता. पण भाचीवर जीव होता. त्यांनी आपल्या परीनं इलाज केला आणि नवं पान लिहिलं: 'जाहीर खुलासा. समीक्षा बोढे हिची सोयरीक मोडण्यात मुलीचा दोष नाही. मुलगी सुशील असून तिला कोणताही आजार नाही.' आजाराचं तोवर कोणी विचारलंच नव्हतं. खाली मावश्यांनी, आत्यांनी आपापलं मत नोंदवलं. एका आत्यानं मुलगा कसा होता ते लिहिलं, दुसरीनं तो तसा नव्हता हे लिहिलं. आठवड्याभरात समीक्षाच्या नावावर एकाऐवजी दोन ओळी आल्या, आणि खुलासा वर बसला.

ती रडली नाही. लॅबमध्ये एका म्हाताऱ्याच्या बोटाला सुई जरा जोरात टोचली, तेवढंच.

मग मामांनी दुसरा इलाज केला. साइट बांधून देणाऱ्या पोरानं पुण्याला जाण्याआधी त्यांना एक युक्ती शिकवली होती. साइटच्या दाराशी एक पाटी लावता येते, त्यावर 'हिंडफिऱ्यानं आत येऊ नये' असं लिहिता येतं. मामांनी खुलासा मागे घेतला, साक्षगंधाचं पान तसंच ठेवलं आणि दाराला पाटी लावली. पानही पुसलं नाही आणि परक्याची नजरही बंद केली. शास्त्रही सांभाळलं, भाचीही सांभाळली. फोन करून म्हणाले, आता निश्चिंत राहा.

महिनाभरानं समीक्षानं नाव टाकलं. खुलाशाची आणि साक्षगंधाची, दोन्ही ओळी जागच्या जागी होत्या. फरक एवढाच, की त्यांच्याखाली आता बारीक अक्षरात होतं: 'या पानाची माहिती उपलब्ध नाही.' आधी लोकांना साक्षगंध दिसायचं. आता काहीतरी लपवलेलं दिसू लागलं, आणि लपवलेल्याला तर आपल्याकडे लगेच पाय फुटतात.

निकिता आधी हसली, मग म्हणाली, "मतदार यादीवाला घरोघरी येते ना? दाराले कुलूप दिसलं तर तो का करते? जुनी नावं तशीच ठेवून पुढच्या घरी जाते. माहा आजोबा वारून किती साल झाले, यादीत अजून मतदान करून राह्यला. तुह्या मामानं कुलूप लावलं, बस. तो आत आल्याशिवाय त्याले कसं कळीन की घर खाली झालं?"

म्हणजे पान पुसायचं आणि दारही उघडं ठेवायचं. ओळी झटपट काढून घेण्यासाठी साइटच्या मालकानं सर्च इंजिनकडे अर्ज करायची सोय होती, पण मालकीची चावी त्या पुण्याच्या पोराकडे, आणि पोरगा फोन उचलत नव्हता.

या वेळी समीक्षानं आईला सोबत नेलं. वच्छलाबाई भावापुढे फार बोलत नसत. मामा पुन्हा हळदीकुंकवावर आले, तेव्हा त्यांनी पदर खोचला. "दादा, बटन कोणतं ते दाखव. पुसल्याचं पाप माह्यावर." मामांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि बोटानं दाखवलं. वच्छलाबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. पाटीही निघाली. घरी येताना बसमध्ये त्या वणी येईस्तोवर पुटपुटत होत्या.

दार उघडं, घर रिकामं, पण पाहायला येणारा कोणी येईना. ओळी तशाच. निकिताकडून कळलं, की जिथे रोज नवं काही घडतं तिथे हिंडफिऱ्या रोज येतो, आणि जिथे सामसूम तिथे त्याला वाटेल तेव्हा. मामांनी या भानगडीत चार-सहा महिने नवं काही लिहिलंच नव्हतं. समीक्षानं मामांना निरोप दिला: काहीतरी ताजं लिहा, म्हणजे तो येईल. निरोप बरोबर होता. कोणाला दिला, एवढंच चुकलं.

त्याच सुमारास मुकुटबनचे मत्ते येऊन गेले. मुलगा कपिल, घरची कपाशी-तुरीची शेती आणि रोपांची नर्सरी. त्यानं आधीच सांगितलं, की ती ओळ मी वाचली, मले काही फरक पडत नाही. समीक्षाला तो बरा वाटला. पण बरं वाटणं आणि हो म्हणणं यात अंतर असतं, आणि ते अंतर तिला या खेपेस स्वतःच्या पायानं चालायचं होतं. लॅबचं अजून बोलणं व्हायचं होतं. तिनं आठ दिवस मागितले. कपिलनंही मागितले. पाहुणे उठले. मामा जरा जास्तच लगबगीनं उठले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती रक्ताच्या नळ्या लावत होती, तेव्हा मोबाइल वाजू लागला आणि थांबेचना. अभिनंदन. अभिनंदन, व माय. गोड बातमी लपवून ठेवली होय. समीक्षानं हातमोजे काढले आणि स्वतःचं नाव टाकलं. जुन्या ओळी गेल्या होत्या, एकही शिल्लक नव्हती. हिंडफिऱ्या येऊन गेला होता, पाहून गेला होता, सगळं पुसून नवं लिहून गेला होता: 'सोयरीक जमली! समीक्षा बोढे व कपिल मत्ते.' खाली पोहे, चहा, कोण कोण आलं, सगळं.

तिनं मामांना फोन लावला. मामा खुशीत होते. "पाह्यलं का? आला का नाही? तूच म्हटलं, ताजं लिहा. एवढ्यात याच्याहून ताजं माह्यापाशी काहीच नव्हतं."

"मामाजी, मी अजून हो नाही म्हटलं."

"म्हणशीनच की." मग आवाज खाली आला. "आता पुसाले सांगू नको, बाई. कुंकू लावलं हाय."

आईला फोन केला. कळंबला चल, बटण दाबायचं आहे म्हणाली.  पाप एकदाच करता येते, वच्छलाबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या बाया आल्यात म्हणून फोन ठेवला.

मग कपिलचाच फोन आला.

"तुम्ही हो म्हटलं म्हणे."

"नाही. तुम्ही?"

"मीबी नाही. पण आईनं पेढे वाटले." मग त्यानं विचारलं, "ते पान निघायले किती दिवस लागते?"

"मागच्याले सात महिने लागले."

"तेवढ्यात तर लगन होऊन जाते."

बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते. खिडकीची काच बराच वेळ थरथरत राहिली. काच थांबल्यावर समीक्षा म्हणाली, की मामा पुसणार नाही, आई येणार नाही, तर आपण दोघंच कळंबला जाऊ आणि आपल्या हातानं बटण दाबू.

"आपण दोघं? कळंबले?" कपिल म्हणाला. "अवो, तिथं चिंतामणी हाय. मुकुटबनपासून कळंबपर्यंत सगळे म्हणतीन, लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं ठेवाले आले."

समीक्षानं वर पाहिलं. दारात पुढचा पेशंट बाही वर करून उभा होता, आणि आपल्या मोबाइलवर तेच पान पाहून तोही तिच्याकडे बघून हसत होता.