फ्रिजच्या मागे

आमच्या मालिकेतल्या स्वयंपाकघराला तीनच भिंती होत्या. चौथ्या भिंतीच्या जागी चार कॅमेरे, आणि त्यांच्या मागे चढत्या बाकांवर बसलेली दोनशे माणसं. नळाला पाणी नव्हतं, खिडकीबाहेरचं संत्र्याचं झाड कापडावर रंगवलेलं होतं आणि फ्रिजला पाठ नव्हती. सामान मांडणारी मंडळी मागून हात घालून त्यात दूध, अंडी, कोबी ठेवायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम आहे.

मी रोझलिन पेटको. हॉलिवूडशेजारच्या बरबँकच्या स्टुडिओंमध्ये तीस वर्षं नटांकडून संवाद घोटून घेतले. माझं नाव मालिकेचा भाग संपल्यावर कुणाला वाचता येणार नाही इतक्या वेगानं वर सरकतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखकांबद्दल. सोमवारी पांढऱ्या कागदावर संहिता येते, मंगळवारी तीच बदलून निळ्यावर, बुधवारी गुलाबीवर, गुरुवारी पिवळ्यावर. शुक्रवारी प्रेक्षक येतात. प्रत्येक प्रवेश त्यांच्यासमोर दोनदा करायचा. पहिल्या वेळी ज्या विनोदाला लोक हसले नाहीत, तो लेखक मंडळी कोपऱ्यात डोकी एकत्र करून जागच्या जागी बदलतात आणि नटाच्या कानात सांगतात. कागद नाही, तालीम नाही. दोन मिनिटांत ते वाक्य तोंडात बसलं पाहिजे. तरुण पोरं हे च्युइंगगम चघळत करतात.

वर्नीस हॉलब्रुक शहात्तर वर्षांची होती. आमच्या मालिकेतली डॉटी आजी ती. लेकीकडे दोन दिवसांसाठी येते आणि सहा वर्षं मुक्काम हलवत नाही, ती म्हातारी. वर्नीसनं नुसती पर्स खाली ठेवली तरी लोक हसायचे. कुठली पर्स, किती जोरात, कुणाकडे बघत, हे सगळं ती ठरवून करायची आणि विचारलं तर म्हणायची, मी कुठे काय केलं.

पहिल्या वर्षी एकदा आम्ही कँटीनमध्ये ट्यूना सँडविच खात बसलो होतो. शेजारच्या स्टेजवर तिचा एक जुना सहकारी नट काम करत होता. तो वाक्य विसरायचा, अडखळायचा, आणि लोक टाळ्या पिटायचे. वर्नीस तेच बघून आली होती आणि तिला घास गिळवत नव्हता.

"रॉझ," ती म्हणाली, "माझ्या विनोदाला हसतात तोवर मी उभी राहीन. ज्या दिवशी मला हसतील, त्या दिवशी तू सांगायचंस. बाकी कुणी सांगणार नाही. त्यांना हसू हवं असतं, कुठलंही चालतं."

मी म्हटलं, सांगेन. अशी वचनं माणूस तोंड पुसता पुसता देतो.

गेल्या सप्टेंबरपासून तिचं बिनसायला लागलं. आधी नावं गेली, मग वाक्यं. मी तिच्यासाठी चिठ्ठ्या चिकटवायला लागले. कपाटाच्या दाराच्या आत, साखरेच्या भांड्याच्या झाकणाखाली, एकदा तर चक्क लिंबावर पेनानं लिहिलं. पुष्कळ नट असं करतात, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते खरंही आहे. पण पुष्कळ नट आपल्या खोलीचा रस्ता एका दुपारी तीनदा विचारत नाहीत. मी तिला तिन्ही वेळा हाताला धरून पोहोचवलं आणि वाटेत कुणी भेटलं की मोठ्यानं काहीतरी चेष्टा केली, म्हणजे आम्ही गप्पा मारत चाललोय असं वाटावं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तिच्याशिवाय शुक्रवार मला नको होता. दुसरं काही कारण नाही, आणि हे काही चांगलं कारण नव्हे.

त्या शुक्रवारचा प्रवेश साधा होता. डॉटी आजी मागच्या दारानं येते, वरचं कपाट उघडते आणि लेकीला विचारते, "बिस्किटं कुठे लपवलीत ते मी मेल्यावर सांगणार आहात का?" वाक्य मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. पण दुपारी कुणाला काय हुक्की आली कोण जाणे, कपाटं आतून पुसून लख्ख केली गेली. मी पुन्हा तपासलं नाही. तीस वर्षांत ही चूक मी एकदाच केली.

तिनं कपाट उघडलं. आत दोन कप आणि पांढरा रंग. ती थांबली. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होते, मनात आकडे मोजत. एक, दोन, तीन, चार. ती सावकाश वळली, तिन्ही भिंतींकडे बघून घेतलं, मग लेकीचं काम करणाऱ्या केंडलकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, "हे घर कुणाचं आहे?"

लोक असे हसले की वर टांगलेले दिवे हलतात की काय असं वाटलं. केंडल हुशार पोरगी. ती ताडकन म्हणाली, "तू राहायला आलीस तेव्हापासून तुझंच." पुन्हा हशा. वर्नीस तशीच उभी होती. तिला उत्तर हवं होतं, हे त्या अख्ख्या स्टेजवर मला एकटीला दिसत होतं.

आयरा फेल्डस्टाइन, आमचा मुख्य लेखक आणि मालिकेचा कर्ताधर्ता, धावतच माझ्याकडे आला. माणूस वाईट नाही. आपल्या आईला दर रविवारी जेवायला घेऊन जातो.

"हे तिला सुचलं कसं गं? सोनं आहे, सोनं. दुसऱ्या वेळी कपाट नको. फ्रिज उघडायचा, आत बघायचं, बंद करायचा आणि मग विचारायचं. पुढच्या आठवड्यात अशा तीन जागा काढतो तिच्यासाठी. म्हातारी विसरते, लोकांना जाम आवडतंय."

"आयरा, ती—" मी सुरुवात केली.

"पन्नास वर्षांचा अनुभव बोलतो बघ," असं म्हणत तो परत कोपऱ्यातल्या घोळक्यात शिरलासुद्धा. मी त्याच्या मागे जाऊ शकले असते. चार पावलांचं अंतर होतं.

वर्नीस पडद्याआड खुर्चीवर बसली होती. रंगभूषावाली तिच्या ओठांना लाली लावून गेली. तिचा चेहरा उजळला होता, आणि ते बघून मला स्वतःचीच चीड आली.

"किती हसले गं! मी काय म्हणाले?"

"हे घर कुणाचं आहे, असं म्हणालीस."

"ते लिहिलेलं आहे?"

"आता लिहिलंय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. अशी नजर ती तालमीत द्यायची, एखादं वाक्य खोटं वाजलं की. "रॉझ, ते मला हसले की विनोदाला?"

"विनोदाला," मी म्हटलं.

तिनं माझ्या गालावर हलकेच थोपटलं. विश्वास ठेवला तिनं. तो थोपटलेला गाल मला अजून जाणवतो.

बाहेर चुय लोकांना तयार करत होता. दोन प्रवेशांच्या मध्ये प्रेक्षकांना हसतं ठेवणं हा त्याचा धंदा. तो त्यांना सांगत होता, मंडळी, हे तुम्ही मघाशी ऐकलंय ते विसरून जा, पहिल्यांदाच ऐकताय असं हसा. दोनशे माणसं हो म्हणाली.

मी एक पिवळा कागद घेतला, जाड शाईनं त्यावर ते चार शब्द लिहिले आणि भिंतींच्या मागे गेले. तिथं कच्चं प्लायवूड, वायरी, वाळूच्या पिशव्या. फ्रिजच्या मागे गुडघे टेकून बसले. माझे गुडघे आता त्या कामाचे राहिले नाहीत. समोर दुधाचा डबा, अंड्यांचा खोका, कोबी, आणि त्यापलीकडे बंद दार. घंटा झाली. तिची पावलं ऐकू आली. केंडल काहीतरी बोलली. मग दार उघडलं आणि मी कागद कोबीच्या वर धरला.

तिनं कागदाकडे बघितलंच नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. चुकून भलत्याच दाराची बेल वाजवल्यावर आतून अनोळखी बाई यावी, तसं संकोचून ती हसली.

"माफ करा हं बाई," ती हळूच म्हणाली, "हे घर कुणाचं आहे?"

वर टांगलेल्या माइकनं ते उचललं. बाहेर हशा फुटला. तो ओसरायची तिनं वाट पाहिली. इतकी वर्षं पाहत आली होती, अंगातच मुरलं होतं ते. मग थोडं वाकून म्हणाली, "मला घरी जायचंय. कुणाला विचारू?"

त्याला आधीपेक्षाही जास्त हसले.

माझ्या हातातून कागद पडला. "वर्नीस, मी रॉझ," मी म्हटलं. "हे कुणाचंच घर नाही. ते तुला हसतायत गं. चल, जाऊ या आपण."

ते शब्द तिला कळले की नाही, मला माहीत नाही. मी हात पुढे केला. अंड्यांचा खोका कलंडला, दुधाचा डबा खाली गेला, आणि माझा हात फ्रिजमधून पलीकडे निघाला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

समोरून लोकांना काय दिसलं, ते मी पुढच्या आठवड्यात पडद्यावर बघितलं. आजी फ्रिजशी बोलते, फ्रिजमधून एक हात बाहेर येतो आणि आजी तो घट्ट धरते. माणसं बाकांवर पाय आपटत होती. आयरानं थांबवायला सांगितलं नाही, चारही कॅमेरे चालूच राहिले.

मला पलीकडे जाता येईना, मध्ये फळी होती. तिला अलीकडे येता येईना. तिची बोटं थंडगार पडली होती. हसणं थांबेपर्यंत मी हात सोडला नाही, आणि ते थांबायला खूप वेळ लागला.