एका वेळी एकच माणूस

मी मोडेम बोलतोय. टेलिफोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरची दुसऱ्याशी गाठ घालून देणारा, आणि त्याआधी कर्कश किंचाळणारा. आता किंचाळायचंही त्राण नाही. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत कपाटावर धूळ खात पडलोय.

दुकानाच्या मालकांना आकाशाचं वेड. माझ्या जोरावर त्यांनी दुर्बीणवाल्यांची मंडळी जमवली: घरून फोन जोडून मालकांच्या कॉम्प्युटरवर यायचं, इतरांनी लिहिलेलं वाचायचं, आपलं लिहून ठेवायचं. तार एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस आत, बाकीचे ताटकळत. त्यामुळे जो तो विचार करून, आधीच लिहून ठेवून यायचा. शिवाय मालकांचा नियम होता: वाचा हवं तेवढं, पण लिहायचं तर आधी स्वतःच्या हातांनी काच घासून दुर्बिणीचा आरसा बनवा. महिनोन्महिने काच घासलेला माणूस उगाच फुशारक्या मारत नाही. "मला माहीत नाही" असं लिहायची तिथे कुणाला लाज नव्हती. मला ती माणसं फार आवडायची.

मालकांची धाकटी बहीण नर्स. ड्युटी संपली की इथे बसून सगळं वाचायची.

"दादा, मला एक विचारायचंय तुझ्या मंडळींना."

"आरसा झाला?"

"दोन पोरं, वर रात्रपाळी. कधी घासू? एवढी छाननी तर माझ्या लग्नातही केली नव्हतीत!"

"नियम म्हणजे नियम."

ती हसत हसत गेली, पण मला वाईट वाटलं.

पुढे वेगवान जोडणी आली आणि माझी तार निघाली. बहिणीचं बोलणं मनाला लागलं होतं, म्हणून मालकांनी नियमही काढून टाकला. मग झुंबड उडाली. ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, तेही शिकवायला लागले. जुनी माणसं न सांगता निघून गेली.

त्या गर्दीत बहिणीनं एकदाचं लिहिलं: वॉर्डच्या खिडकीतून पहाटे लालसर ठिपका दिसतो, लुकलुकत नाही, काय असेल? खाली चेष्टा आली, शिव्या आल्या, जाहिराती आल्या. मालकांच्याही नजरेतून ते सुटलं.

काल आवराआवर करताना त्यांनी मला खाली काढलं. बहीण शेजारीच होती.

"जुनं सगळं चाळत होतो. तुझा प्रश्न सापडला गं. तो मंगळ होता."

"माहीत आहे रे. पुस्तकात बघितलं मी तेव्हाच."

"मग?"

"तुमच्यापैकी कुणीतरी सांगायला हवं होतं."

मालक फडक्यानं माझी धूळ पुसत राहिले.

उद्या भंगारवाला येईल. मला खुशाल देऊन टाका. पण पुन्हा कधी मंडळी जमवलीत, तर दाराला कडी असू द्या. आणि बाहेरून कुणी हाक मारली, तर कडी काढायला दाराशी एक माणूस बसवा.