एका पाळीत अमेरिका

चिमाबाईंचा नियम एकच: पोरीनं कुठंही जावं, पण एका पाळीत घरी परतता आलं पाहिजे. पाळी म्हणजे आठ तास. सिल्वासाच्या धाग्याच्या कारखान्यात सतरा वर्षं काढल्यावर त्यांना वेळ दुसऱ्या कशात मोजताच येत नव्हता.

नाशिक पास. पुणे काठावर पास. बंगळूर नापास.

आणि कावेरीला बोलावणं आलं सॅन फ्रान्सिस्कोहून. शिकायला, शिष्यवृत्तीसकट. हो की नाही, आज संध्याकाळपर्यंत कळवायचं.

"किती लांब?"

"साडेतेरा हजार किलोमीटर."

"किलोमीटर तुझ्याजवळ ठेव. पाळ्या सांग."

कावेरीनं मोबाइलवर विमानांच्या वेळा काढल्या. तेवढ्यात शेजारचे झुंबरमामा आत आले. मामा त्याच कारखान्यात टाइमकीपर. हयात हजेरीची कार्डं वाचण्यात गेलेली. त्यांनी तिच्या हातातला मोबाइलच ओढून घेतला.

इन: मुंबई, दुपारी २:००
आउट: सॅन फ्रान्सिस्को, संध्याकाळी ५:३०
तारीख: तीच

"साडेतीन तास!" मामा ओरडले. "चिमाताई, हा तर हाफ डे झाला वं!"

"आणि इथून मुंबईचं विमानतळ?"

"चार. झाले साडेसात. अर्धा तास जेवणाची सुट्टी."

"एक पाळी!"

झालं! कढईत रवा पडला, तूप पडलं. अमेरिका मुंबईपेक्षा जवळ, ही बातमी चाळभर झाली. कावेरीला खरं ठाऊक होतं. पण आईचा असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. शिरा होईपर्यंत गप्प बसू, तिनं ठरवलं.

"दर रविवारी येत जा," चिमाबाई म्हणाल्या. "इथं जवळच वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला जाऊ."

दर रविवारी!

इकडे मामांचं बोट पुढं सरकलं होतं.

इन: सॅन फ्रान्सिस्को, सोमवार सकाळी ९:००
आउट: मुंबई, मंगळवार दुपारी १:३०

"साडेअठ्ठावीस तास?" मामा चाचरले. "जाताना उतार असंल."

उलथनं थांबलं. नियम तर परतण्याचाच होता.

"आई, दोन्ही कार्डं खोटी," कावेरी एका दमात म्हणाली. "तिथलं घड्याळ साडेबारा तास मागं आहे. इन आपल्या घड्याळावर, आउट त्यांच्या."

"मग त्यांच्या टाइमकीपरला काढून टाका!" मामा म्हणाले.

"खरं किती?" चिमाबाईंनी विचारलं.

"सोळा. जाताना तेवढेच, येताना तेवढेच."

"दोन पाळ्या."

"दोन."

"सलग?"

"सलग. बसून."

"बसून?" चिमाबाईंनी कढई खाली उतरवली. "झुंबरभाऊ, पुढच्या पाळीची बाई आली नाही की मी काय करते?"

"डबल करता."

"उभ्यानं. नि हिला बसून डबल झेपायची नाही?"

चिमाबाई हसायला लागल्या, मामा हसले, कावेरीला तर हसता हसता ठसकाच लागला. आणि तोंडातून नको ते निघून गेलं: "पण मुंबईपासून घरापर्यंतचे चार तास?"

"तो ओव्हरटाइम. लिही त्यांना, येते म्हणून."

मोबाइलच्या काचेवर तूप लागलं. 'हो' तीनदा गेलं.