खटका बंद होता

चार वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटरची पेटी उघडताना नाथाजीला झटका बसला, तो कठड्यावरून खाली आपटला आणि त्याचा उजवा कोपर कायमचा वाकडा राहिला. खटका बंद करून शेजारी उभी होती त्याची बायको, शालूबाई. झालं, गावाला आयतं कारण मिळालं: बाईनंच चुकून खटका चालू केला. तीच पेटी नाथाजीनं कितीदा उघडली होती, कधी काही झालं नव्हतं. मग त्याच दिवशी कसं? बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? नाथाजी भला माणूस, रागावला कधीच नाही, पण चारचौघांत हसत हसत तोही तेच सांगायचा. ऐकून ऐकून तिलाच वाटू लागलं, लागला असेल आपला हात.

रहिमतपुरात बचत गटानं मोटर-पंखे दुरुस्तीचा वर्ग काढला, तेव्हा तिनं नाव घातलं. शिकवायला सांगलीची स्वप्ना यायची. लहान चणीची पोरगी, पण आवाज खणखणीत. आज तिनं मोटरच्या पेटीतला कपॅसिटर, गावात ज्याला कंडेन्सर म्हणतात तो डबा, टेबलावर ठेवला.

“ह्याच्या पोटात धातूचे दोन पातळ पापुद्रे असतात, मधे प्लास्टिकचा पडदा. वीज पडदा ओलांडू शकत नाही. मग एका बाजूला जास्त साठते, दुसरीकडं कमी पडते. दोघांना एकमेकांची ओढ, पण भेट नाही.”

“नवीन लग्न, आन् मधी सासू,” मागच्या बाकावरून क्रांती म्हणाली. बायका खुसखुसल्या.

स्वप्नाही हसली. तिनं डबा विजेला जोडला, खटका चालू करून बंद केला, तारा सोडवल्या आणि हातमोजे घालून सुट्या डब्याला बल्ब लावला. काहीच झालं नाही. तिनं पुन्हा सगळं तसंच केलं. या वेळी बल्ब लख्खकन पेटला आणि विझला.

“खटका बंद हाय तरी?” शालूबाईनं विचारलं.

“तरी. आपली वीज सेकंदाला कितीदा तरी उलटसुलट होते. खटका नेमका कुठल्या क्षणी पडतो, त्यावर डबा रिकामा राहायचा का भरलेला, ते ठरतं. दहादा काही झालं नाही म्हणून हात घालायचा नाही.”

शालूबाई बाकावर बसूनच राहिली. खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण तिला राग आला, चार वर्षांचा सगळा एकदम.

संध्याकाळी जेवताना तिनं नाथाजीला डबा, पडदा, बल्ब सगळं नीट समजावून सांगितलं.

“म्हंजे खटका बंद हुता,” तो म्हणाला.

“व्हय.”

त्यानं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. “मग तू तवाच का न्हाई बोललीस?”

“बोलले हुते की. दवाखान्यात, तुमच्या उशाला बसून. तुमी म्हनला, जाऊ दे, माफ केलं तुला.”