काळ्या गढीचा पाहुणा आणि एक फळा

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण जन्मापासून फळा नव्हतो. ज्या वर्षी मालकीणबाई बायनाबाईच्या लेकीचं, राजेश्रीचं, बारसं झालं, त्या वर्षापर्यंत मी एका बैलगाडीचा तळ होतो. कडबा, कापूस, लग्नाची वऱ्हाडं, सगळं माझ्या पाठीवरून गेलं. बारशाच्या आदल्या आठवड्यात गाडीचा आस मोडला. राजेश्रीच्या वडिलांनी, म्हणजे भुजंगांनी, ती गाडी परत जोडली नाही. पालमच्या सुताराकडून त्यांनी तळाच्या चार फळ्या एकत्र ठोकून घेतल्या, त्यांना काळा रंग दिला आणि मला आपल्या तंबूच्या दाराशी उभं केलं. मला अक्षर भेटलं ते असं उतारवयात. त्याचा कमीपणा मी कधी मानला नाही. उशिरा आलेलं अक्षर माणूस जपून वापरतो, आणि फळाही.

भुजंगांचा तंबू सिनेमाचा होता. जत्रा असेल त्या गावी तो लागायचा. बाकीचे सिनेमे बाहेरून यायचे आणि परत जायचे, पण एका सिनेमाची रिळं भुजंगांच्या मालकीची होती. त्याचं नाव 'काळ्या गढीचा पाहुणा'. विलायती, काळापांढरा. एका पडक्या गढीत एक उंच सरदार राहतो. दिवसभर तो लाकडी पेटीत निजतो, दिवे लागले की उठतो आणि माणसांच्या मानेला दात लावून रक्त पितो. शेवटी खिडकीतून ऊन येतं, ते त्याच्या अंगावर पडतं आणि त्याची राख होते. तीस वर्षं भुजंगांनी हा पाहुणा गावोगाव नेला.

त्या तंबूचा एक रिवाज होता. खेळ सुटला की जो माणूस पहिला बाहेर येईल, त्याचं मत माझ्यावर लिहायचं. दुसऱ्या दिवशी येणारे लोक ते वाचूनच आत जायचं की नाही ते ठरवायचे.

सुरुवातीची वर्षं लिहायला आमच्या गावच्या शाळेतले दत्तोपंत गुरुजी होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण लोक बोलायचे एक आणि ते लिहायचे भलतंच. एकदा तात्याराव नावाचे शेतकरी डोळे चोळत बाहेर आले.

"अर्धा येळ झोपलो होतो, गुरुजी. आत लय उकडायलंय."

माझ्यावर उमटलं, 'काळजाचा थरकाप! शेवटपर्यंत श्वास रोखून बसलो!'

तात्यारावांनी वाचलं आणि विचारलं, "ह्ये मी कवा म्हणलो?"

"तुमच्या मनात होतं, तात्याराव. आम्ही फक्त उतरवून घेतलं."

"माझ्या मनात पाणी प्यायचं होतं!"

भुजंगांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गुरुजी वाचून दाखवायचे आणि ते खूश व्हायचे. कितीतरी वर्षांनी तात्यारावांनीच त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या दिवशी भुजंग जेवले नाहीत. माझ्यासमोर बसून म्हणाले, "फळा खोटं बोलायलाय, आन् मी त्याच्या शेजारी हात जोडून हुबा."

पुढे गुरुजींची बदली झाली आणि गावात मोठ्या माणसांना शिकवायचा वर्ग निघाला. भुजंग गेले नाहीत. "मला मशीन कळतंय, तेवढं बास," म्हणाले. बायनाबाई मात्र गेली. वर्गात शिकलेलं ती घरी येऊन माझ्यावर गिरवायची. तिचा पहिला 'ब' माझ्या डाव्या कोपऱ्यात, बैलाच्या शिंगासारखा वाकडा. राजेश्री तेव्हा शाळेत जायची. आईचा हात धरून ती अक्षर सरळ करून द्यायची आणि वर छडीही दाखवायची. सहा महिन्यांत खडू बायनाबाईच्या हाती आला.

तिची पहिली परीक्षा झाली चारठाण्याच्या जत्रेत. खेळ सुटला तेव्हा पहिली बाहेर आली रेणुका नावाची एक बाई. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "लय वंगाळ हाय ते मेलं. पण भिऊ नका, बायांनो, शेवटी ऊन लागून मरतंय."

बायनाबाईनं सगळं लिहिलं. 'मेलं' सुद्धा लिहिलं. तिला गाळता येतच नव्हतं. जे कानावर आलं ते खडूवर, एवढंच तिचं शिक्षण. सकाळी तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा भुजंगांनी कपाळाला हात लावला.

"अगं, शेवट सांगून टाकलास! आता कोण येणार हाय?"

"आवं, तुमीच म्हणला न्हवं, बोलतेत तसंच लिही म्हणून?"

"म्हणून का आख्खं?"

"मग अर्धं कसं असतंय, ते तरी शिकवा."

त्या दिवशी तंबूसमोर नुसत्या बाया. जी कधी भुताच्या सिनेमाला फिरकली नव्हती, ती लेकरू काखेला घेऊन आली. शेवट बरा आहे हे कळल्यावर त्यांची भीड गेली होती. रांगेतली एक म्हातारी तर म्हणाली, "आपल्या परभणीच्या उन्हात ते आलंच कसं असतं? चैतातच पापडावानी वाळलं असतं." पहिल्यांदाच बायांच्या बाजूची कनात, म्हणजे मधला कापडी पडदा, मागं सरकवावी लागली.

खेळ सुटल्यावर भुजंग माझ्याजवळ आले. बायनाबाईला म्हणाले, "आता असंच. समदं लिहायचं, न्हाई तर खडू खाली ठेवायचा." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती वर्षं मी छाती काढून सांगतो. माझ्यावर 'दात बघून हसू आलं' लागलं, 'पेटी आमच्या धान्याच्या कणगीपेक्षा चांगली हाय' लागलं, 'दोन दिवस म्हशीकडं एकटा गेलो न्हाई' हेही लागलं. त्यातला एकही शब्द फुगवलेला नव्हता.

मग घराघरांत टीव्ही आला. तंबू विरला. रिळं एकमेकांना चिकटली. मी गव्हाच्या कोठीवर झाकण म्हणून पडलो. माझ्यावर कुरडया वाळल्या, मांजर व्यालं, एका कोपऱ्याला वाळवी लागली. आठ-दहा वर्षं मला कोणी पालथंसुद्धा केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात राजेश्रीची लेक प्रियांका आजोळी आली. ती परभणीला कॉलेजात शिकते. भुजंग तेव्हा खाटेला लागले होते, कानानं कमी ऐकायचे. तिनं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि आजोबांच्या डोळ्यांसमोर धरलं. तोच सरदार, तीच गढी.

भुजंग बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, मला एक सांग. लोकं खरंच भ्यायची का माझं मन राखायची? दत्तोपंतानं मला इतकी वर्षं फसवलं. त्याच्या आधीचं, नंतरचं, काय खरं धरू? जायच्या आधी एकदा कळाया पायजे."

"आबा, आताची पोरं भीत न्हाईत हो. लय बघून बसलेत."

"लाव तू. फळा काढा. त्यावर जे येईल ते मला मान्य."

कोठीवरचं ओझं उतरलं. बायनाबाईनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, वाळवीचा कोपरा चुन्यानं भरला आणि घरामागच्या गोदामाच्या दाराशी टेकवलं. प्रियांकानं कॉलेजातून छोटा प्रोजेक्टर आणला होता. दुपारी दोनला दारं लावून, भिंतीवर धोतर ताणून खेळ सुरू झाला. आळीतली वीस-बावीस पोरं आत बसली. भुजंगांची खाट सगळ्यात मागं.

पोरं हसली. सरदारानं झगा पसरला तेव्हा हसली, दात दाखवले तेव्हा तर एकमेकांच्या अंगावर पडली. भुजंगांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांना अंधारात हलणाऱ्या पाठी तेवढ्या दिसत होत्या, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना वाटलं, पोरं थरथरतायत.

खेळ सुटला. पहिली बाहेर आली शेजारची आठ वर्षांची ईश्वरी. बायनाबाई खडू घेऊन उभी होतीच.

"बोल, बाई. कसा वाटला?"

"लय हसले मी, आज्जी! त्याचे दात लावलेले हाईत, कळतंय की." मग पोर जरा थांबली, बोळीकडं बघून हळूच म्हणाली, "पण मला घरापोत सोडायला चला."

खडू माझ्यावर टेकला आणि तिथंच राहिला. खाटेवरून भुजंगांची हाक आली, "भ्यायली ना गं पोरं?" त्यांना वाचता येत नव्हतं. तिनं काहीही लिहिलं असतं, काहीही वाचलं असतं, तरी त्या घरात कोणी तिला बोल लावला नसता.

तिनं लिहिलं. एकेक शब्द, काना-मात्रा सांभाळून. मग प्रियांकाच्या मदतीनं मला खाटेपाशी नेलं आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं वाचलं, "लय हसले मी."

भुजंगांनी डोळे मिटले.

"त्याचे दात लावलेले हाईत, कळतंय की."

त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

"पण मला घरापोत सोडायला चला."

त्यांनी डोळे उघडले. "घरापोत? आत्ता?"

"आत्ता."

"भाईर ऊन किती हाय?"

"डोकं फुटाया लागलंय इतकं."

भुजंग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "मग गढीतला माझा गडी अजून खमका हाय," म्हणाले. "जा, सोडून ये पोरीला. आन् फळा पुसू नको."

मला पुसलं नाही. मी आता कोठीवर नाही, पडवीत भिंतीला टांगलेला आहे. मित्रांनो, तुमच्या घरात एखादा जुना फळा असेल, तर त्याला वाळवीपासून जपा, अधूनमधून रंगाचा हात द्या. आणि त्यावर कुणाचं बोलणं लिहाल, तेव्हा ते आवडो न आवडो, पुरतं लिहा. आमच्याकडं मालकाचं समाधान शेवटच्या ओळीत होतं, आणि पहिल्या दोन ओळी गाळल्या असत्या तर त्यांनी त्या तिसरीवर विश्वास ठेवला नसता.

त्याच वर्षी, पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, भुजंग पालमच्या राहत्या घरी वारले.