बिबट्याच्या नाकाला लिप बाम

"सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून मी हे कुणाला सांगतच नाही," असं म्हणत कादरचाचांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि लगेच सांगायला घेतलं.

स्वारगेटजवळची चहाची टपरी, भल्या सकाळची वेळ. तोरण्याच्या डोंगरात तंबू ठोकायला निघालेले चौघं वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत होते. भवानी पेठेत पिशव्यांना चेन बसवण्यात जन्म गेलेले कादरचाचा, शनिवार पेठेतल्या निवृत्त शिक्षिका मंदाकिनीबाई, आणि हिंजवडीच्या कंपनीतले दिग्विजय आणि स्पृहा. मध्ये मंदाकिनीबाईंचा पितळी टोप. खिचडी दुसऱ्या कशात शिजते यावर बाईंचा विश्वास नव्हता.

हा टोप डोंगरावर कुणी न्यायचा, याचा त्यांचा नियम ठरलेला. एसटी येईपर्यंत एकानं थापा मारत राहायचं. एखादी पकडली गेली, तर टोप त्याच्याकडे. पण कुणी उगाच 'खोटं' म्हटलं आणि ते खरं निघालं, तर टोप म्हणणाऱ्याच्या गळ्यात. एसटी आली की टोप ज्याच्याकडे असेल, त्यानं तो वाहायचा. आज पाळी चाचांची होती, आणि चाचांचा डावा गुडघा महिनाभर कुरकुरत होता. हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. टोप उचलावा लागला तर पहिल्याच चढाला बिंग फुटणार, आणि मग 'चाचा, तुम्ही आता घरी आराम करा' सुरू होणार.

"तर मागे एका थंडीत तोरण्यावर मी एकटा," चाचांनी खिशातून लिप बामची चपटी डबी काढली. "जवळ एवढंच. बुटानं टाच सोलली, तिला हे चोपडलं. तंबूची चेन अडकली, तिला हेच फिरवलं, लोण्यासारखी सरकली. लाकडं ओली, तर कापसाला हे फासून पेटवलं."

"खोटं!" दिग्विजयनं टेबलावर थाप मारली. "चाचा, ओठांना लावायचं ते. पेटतंय कुठलं?"

चाचा याचीच वाट बघत होते. त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढून डबीत घोळवला, बशीत ठेवला, टपरीवाल्याकडून काडी घेतली. बोळा निरांजनासारखा शांतपणे जळत राहिला. दुसरा चहा आला तरी जळतच होता.

"बस गप्प आता," स्पृहानं टोप दिग्विजयच्या पुढ्यात सरकवला.

यानंतर तोंड उघडायची कुणाची छाती होईना. चाचांना तर चेवच चढला.

"जाळ बघून आला बिबट्या. आला तो सरळ तंबूपाशी येऊन बसला. बघतो तर काय, थंडीनं नाक फुटलेलं बिचाऱ्याचं! मी म्हटलं, पाहुणा आहे. दोन बोटं बाम लावला. तेव्हापासून दर थंडीत वाटेवर नाक पुढे करून बसलेला असतो."

स्पृहाला हसू आवरेना. दिग्विजयनं 'खो' म्हणायला तोंड उघडलं, टोपाकडे पाहिलं आणि मिटलं. मंदाकिनीबाई शांतपणे बिस्किट बुडवत होत्या.

लांबून एसटीचा हॉर्न वाजला. आता फक्त बसमध्ये चढायचं, की चाचा सुटले. पण थाप मारणाऱ्याला शेवटचा घास सोडवतो का?

"चाचा, ही डबी मिळते तरी कुठे?" दिग्विजयनं खवचटपणे विचारलं.

"अरे, तुमच्या बाईंच्याच शनिवार पेठेत! भर दुपारी दोनला गेलो. दुकान उघडं. मालक उठून उभा राहिला, 'या या, बसा' म्हणाला. दहा डब्या उघडून दाखवल्या, आणि वर चहा विचारला."

मंदाकिनीबाईंचं बिस्किट चहात पडलं.

"अहो कादरभाई," त्या म्हणाल्या, "बिबट्याचं नाक मी मान्य केलं. शेपटीला लावला म्हणाला असतात, तरी गप्प बसले असते. पण दुपारी दोनला शनिवार पेठेत दुकान उघडं, आणि वर चहा? साफ खोटं! चला, धरा टोपाची एक कडी. दुसरी मी धरते. आणि तो डावा पाय जपून टाका, टपरीवर आलात तेव्हाच बघितलं मी, लंगडत होतात तुम्ही!"