ढगीचं दूध आणि मुंगीचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वर कडी, खाली आकडा, मध्ये बशीएवढा गोल चेहरा आणि त्यावर फिरणारी एकुलती एक काळी सुई. पोटात एक स्प्रिंग आहे, तोच माझा जीव. तरुणपणी भाजीच्या वखारीत कांद्याच्या टोपल्या तोलल्या. पुढे चेहऱ्यावरची काच तडकली आणि मालकाने मला शाळेला देऊन टाकलं.

शाळेमागे मुलांची बाग होती. पालकाचे वाफे, कुंपणावर दुधीचे वेल, आणि कोपऱ्यात ढगाच्या रंगाची शेळी, ढगी. मला तिथल्या झाडाला टांगलं. रोज सकाळी माझ्या आकड्याला पालक लागे आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी झोळीत बसलेली मुलं. वाऱ्याने झोळी हले, पानांच्या सावल्या मुलाच्या गालांवरून फिरत, त्याचे डोळे जड होत. मला वाटे, मी काटा नाहीच, मी पाळणा आहे.

पहिलीतल्या मुलांसाठी बाईंनी माझ्या चेहऱ्यावर लाल रेघ ओढली होती. सुई रेघेच्या अलीकडे थांबली, तर त्या मुलाला दुपारी ढगीच्या दुधाचा दुसरा पेला मिळे. मुंगीची सुई कायम अलीकडे. सगळे तिला मुंगीच म्हणत, इतकी ती एवढीशी. ढगीला पाला मात्र तीच घाले, आणि घालताना तिच्या कानात काहीबाही सांगत बसे.

एकदा शाळेला ही शेळी देणारे साहेब आले. वजनांची वही चाळून म्हणाले, "बाई, वजनं वाढली नाहीत तर शेळी दुसऱ्या शाळेला द्यावी लागेल हं."

मुंगी तिथेच पाला घालत होती.

पुढच्या महिन्यात तिला झोळीत बसवलं आणि माझी सुई रेघ ओलांडून गेली. स्वयंपाकाच्या मावशी हसल्या, "मुंगे, एका महिन्यात हत्ती झालीस की काय?" बाईंनी आनंदाने आकडा लिहिला. त्या दुपारपासून मुंगीचा दुसरा पेला बंद झाला.

मला ओझं कळतं मित्रांनो, ते कशाचं हे कळत नाही. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझ्या तोंडून खोटं गेलं होतं.

त्या महिन्यात मुंगी वाफ्याच्या कडेला बसल्या बसल्या पेंगू लागली. पालकाची पानं तिच्या मांडीवर तशीच राहत. पुन्हा वजनाचा दिवस आला. मावशींनी तिला काखेत धरून उचललं आणि त्यांचे हात थबकले.

"बाई, पोरीच्या बरगड्या हाताला लागतायत. आणि गेल्या महिन्यात म्हणे वजन वाढलं?"

त्यांनी तिच्या फ्रॉकचे खिसे चाचपले. वाफ्याच्या कडेचे गुळगुळीत दगड निघाले. एक, दोन, चांगले सात.

"हे काय गं?"

मुंगी खाली बघत म्हणाली, "ढगीला नेतील ना."

मावशी खाली बसल्या. तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "अगं वेडे, शेळी तुझ्यासाठी आहे. तू शेळीसाठी नाहीस."

दगड काढून पुन्हा तोललं. सुई रेघेच्या कितीतरी अलीकडे थांबली. बाईंनी जुना आकडा खोडला आणि खरा लिहिला. लिहिताना त्यांचा हात थोडा थांबला, मग पुढे गेला. त्याच दुपारी दुसरा पेला मुंगीच्या ओठांना लागला.

साहेब आले तेव्हा बाईंनी वही आणि दगड दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. साहेब ओशाळले. "अहो, ते मी तुम्हा मोठ्यांना म्हणालो होतो."

"ऐकलं मात्र लहानांनी," बाई म्हणाल्या.

ढगी राहिली. मुंगीची सुई महिन्याला एखादी बारीक रेघ पुढे सरके, कधी नुसतीच थरथरे. रेघ ओलांडायला तिला सबंध वर्ष लागलं. त्या दिवशी ती झोळीतच झोपून गेली आणि कुणी तिला उठवलं नाही.

आता मी बियाण्यांच्या खोलीत असतो. नवा काटा आला, तो आकडे दिव्यासारखे उजळून दाखवतो. माझी तक्रार नाही. कधीतरी स्प्रिंगला तेलाचा थेंब द्या, एवढंच. आणि मित्रांनो, ज्याला काट्यावर चढवाल, त्याला आधी विचारा, "जेवलास का बाळा?"